प्लॉट घेतलाय, पण हद्दीचा दगड बघितलाय का?

पाचगावच्या बाजूला आमच्या दाजींनी प्लॉट घेतला, परवा त्यांच्यासोबत बघायला गेलो. दोन वर्षांमागं तिथं ऊस होता, आता मुरूमाचे रस्ते पडलेत. चार कोपऱ्यांपैकी तीन दगड सापडले, चौथा काय सापडेना, शेवटी खोऱ्यानं उकरल्यावर वीतभर खाली आडवा पडलेला मिळाला, लाल ऑइलपेंटचा नंबर अर्धा उडालेला. रस्ता करताना जेसीबीनं उपटला असणार आणि कुणीतरी तसाच मुरूम ओढला.

आता तो दगड परत उभा करून चालत नाही हो, कारण दगडाला किंमत जागेची असते, जागा हलली की तो नुसता धोंडा. चाळीस फुटी बाजूची अख्खी हद्द दीड फूट आत सरकली तरी साठ स्क्वेअर फूट गेले, आणि गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, फक्त 1089 स्क्वेअर फूट! सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, हद्द कुठनं जाते ते नाही कळत, त्याला मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा लागतो.

म्हणून दाजींना म्हटलं, आधी भूमी अभिलेख ऑफिसला मोजणीचा अर्ज टाका, शेजारच्या प्लॉटवाल्यांना नोटीस जाऊ दे, सगळ्यांसमोर खुणा होऊ देत, मगच कंपाउंडचा पाया काढा. आणि खुणा झाल्या की त्याच दिवशी दगडाभोवती काँक्रीट घालून फोटो काढून ठेवा. दाजी सोमवारी अर्ज टाकणार आहेत, मी सोबत जातोय.