‘एन किती?’ : थीसिसच्या परवानगीचा माझा अनुभव

विषय ठरायला वेळ लागला नाही. मी नागपूरला पीएसएमला, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्रात, जेआर: एमडी करणारी निवासी डॉक्टर. ओपीडीत सिकलसेलची, या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची, मुलं येतच राहतात, आणि रजिस्टरमध्ये कित्येकांच्या नावापुढे एकच शब्द असतो: ‘अनियमित’. हायड्रॉक्सीयुरिया रोज घेतली तर दुखण्याचे झटके कमी होतात, गोळी आमच्याकडे फुकट मिळते, तरी ती मध्येच सुटते. का सुटते, हे आयांनाच विचारायचं असं मी ठरवलं. पंधरा-वीस सविस्तर मुलाखती. गाईड मॅडम लगेच हो म्हणाल्या. सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, आठ दिवसांत लिहून झाली.

मग एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती. तिथे माझे पाच महिने गेले, आणि राग अजून गेलेला नाही.

पहिली मीटिंग ऑक्टोबरात. बाहेरच्या बाकावर अडीच तास, आत चार मिनिटं. एका सरांनी माझी फाइल शेवटच्या पानावरून उघडली. “एन किती?” म्हणजे नमुन्यात किती जण.

“सर, साधारण पंधरा. सॅच्युरेशन येईपर्यंत.” म्हणजे मुलाखतींत नवं काही निघेनासं होईपर्यंत.

“पंधरा पेशंटवर एमडी?” कोणीतरी हसलं. “सूत्र कुठाय? पी व्हॅल्यू कशी काढणार?” (ही आकडेवारीच्या चाचणीतून निघणारी किंमत.) फॉर्ममध्ये नमुनासंख्येच्या सूत्राचा रकाना होता. मी तिथे ‘लागू नाही’ लिहिलं होतं. शेरा आला: ‘नमुनासंख्येचे समर्थन नाही. पुन्हा सादर करावे.’

सिनियर म्हणाला, “अगं, ४पीक्यू भागिले एलवर्ग टाक न, विषय संपव.” मीही टाकलं. पी म्हणजे अंदाजे टक्केवारी, ती ५० धरली; क्यू म्हणजे उरलेले ५०; एल म्हणजे चालणारी चूक, ती १०; उत्तर १००. हा शहाणपणा माझाच, दोष दुसऱ्या कोणाला देत नाही. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये त्याच सरांनी विचारलं, “शंभर मुलाखती एकटी कधी घेणार? आणि हा पी कशाचा?” कशाचाच नव्हता. सूत्र कामाचं आहे, पण टक्केवारी मोजायला. मला टक्केवारी काढायचीच नव्हती. सरावाची एक चाळीस मिनिटांची मुलाखत कागदावर उतरवायला मला अख्खा रविवार लागला होता. शंभर रविवार म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. सर चिडवत होते, पण बरोबर चिडवत होते.

त्या संध्याकाळी मेडिकल चौकात चहा पीत मॅडम म्हणाल्या, “तू त्यांना पटवायला जाऊ नको. त्यांना फाइलमध्ये लावता येईल असा कागद दे.”

मग मी कागद गोळा केले. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा अभ्यास: घाना आणि नायजेरियातल्या ६० बायकांच्या मुलाखती, आणि पहिल्या १२ मध्येच बहुतेक मुद्दे येऊन गेलेले. पण त्या बायका बऱ्यापैकी एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या. म्हणून मी शहरातल्या आणि खेड्यातल्या आया वेगळ्या धरल्या, दोन्हीकडे बारा-बारा. कोणाला का निवडणार आणि कधी थांबणार, हे अर्ध्या पानात लिहिलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची झेरॉक्स वर लावली. अहवाल कोरेकच्या, म्हणजे मुलाखतींच्या अभ्यासांसाठी असलेल्या यादीच्या, ३२ मुद्द्यांप्रमाणे देईन, असंही लिहिलं. यादी भरली म्हणून मुलाखत चांगली होत नाही, हे मलाही कळतं. पण यादी बघून समितीचा चेहरा निवळतो.

हे दुखणं नागपूरचंच आहे असं नाही. २०१६ मध्ये ट्रिश ग्रीनहाल्घ (ब्रिटिश डॉक्टर-संशोधक) आणि इतर मिळून ११ देशांतल्या ७६ अभ्यासकांना बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाला उघडं पत्र लिहावं लागलं होतं, की असे गुणात्मक, म्हणजे मुलाखतींसारख्या पद्धतींवरचे, लेख सरसकट परत पाठवू नका. ते वाचून मला उगाच बरं वाटलं.

फेब्रुवारीत तिसरी मीटिंग. सरांनी कागद चाळले, काही बोलले नाहीत. बोलल्या त्या कोपऱ्यातल्या बाई, समितीत सामान्य नागरिक म्हणून असतात त्या. “मुलाचं बोलताना आई रडायला लागली, तर तुम्ही काय करणार?” तीन मीटिंगमधला हा पहिला खरा प्रश्न, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाखत थांबवायची, समुपदेशकाकडे न्यायचं, पुन्हा विचारल्याशिवाय रेकॉर्डर सुरू करायचा नाही, हे सगळं मी नंतर लिहून दिलं. तुम्ही आधीच लिहा. रेकॉर्डिंगची संमतीही वेगळ्या सहीने घ्या. माझी एकाच सहीत होती, त्यात आणखी दोन आठवडे गेले.

एप्रिलमध्ये मुलाखती सुरू झाल्या. चौथ्या बाईंनी तांदळाच्या डब्यातून गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली. “इथं ठेवतो मी. पाहुणे आले त दिसाले नको. पोरीचं लगन व्हायचं हाये.” पाहुणे असले की त्या आठवड्यात गोळी नाही. रजिस्टरमध्ये त्यांच्या मुलापुढेही ‘अनियमित’च लिहिलेलं.

हो, एक राहिलंच. पहिल्या दोन मुलाखतींत मला नुसता कूलर ऐकू येतो. विचारून बंद करा, मग घाम येऊ दे. आणि वऱ्हाडी जशी बोलली तशीच उतरवा. मी पहिली मुलाखत शुद्ध मराठीत उतरवली होती, ती मॅडमनी परत दिली.