संत्र्याच्या सालीची नानकटाई: दिवाळी ते नाताळ

मंडळी, नानकटाईतला संत्र्याचा वास आता डब्यात आठवडाभर टिकतोय. दिवाळीच्या फराळापासून मी याच एका गोष्टीच्या मागे लागले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिठात संत्र्याचा रस घालणं पूर्ण बंद केलं. नागपुरी संत्र्याचं सुगंधी तेल सालीच्या वरच्या नारिंगी थरात असतं, रसात नाही. शिवाय रस म्हणजे पाणी, आणि मैद्याला पाणी लागलं की ग्लुटेन तयार होऊन नानकटाई चिवट होते. साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतंच. बटरमध्ये ते १६ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे बटरच्या कुकीला ही खुसखुस येत नाही. सालीचं तेल तुपात मुरतंही छान.

साल किसणं हे खरं कौशल्याचं काम. आपल्या संत्र्याची साल सैल आणि फुगीर असते, सोलून किसायला घेतली तर हातातच चुरगळते. अख्खं फळ धुऊन, कोरडं पुसून बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवा. पांढरा थर दिसला की थांबा, तो कडू असतो. किस लगेच पिठीसाखरेत घालून बोटांनी चोळायचा, साखर ओलसर केशरी होईस्तोवर. मग तीच साखर तुपात फेसायची. वास टिकला तो या चोळण्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

सध्याचं प्रमाण: २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम रवा, १५० ग्रॅम तूप, १२० ग्रॅम पिठीसाखर, तीन संत्र्यांचा किस, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. वेलची काढून टाकली, ती संत्र्याला दाबते. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. तळ बदामी झाला की बाहेर काढा, वरून पांढुरकीच राहू द्या.

दिवाळी ऑक्टोबरात आली की तूप सैल असतं, गोळे पसरतात. वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले की काम होतं. डिसेंबरच्या थंडीत ती गरजच नाही. तूप आपसूक थिजतं आणि नानकटाईला वरून सुरेख भेगा पडतात. फळही तेव्हाच रंगात येतं. दिवाळीला आंबिया बहाराच्या, म्हणजे त्या सुमारास येणाऱ्या पिकाच्या, संत्र्यांची साल बरीच हिरवट असते, वास उग्र. नाताळापर्यंत तो गोडसर होतो.

नागपुरात सदर भागातल्या मैत्रिणीकडे नाताळाला केकसोबत करंज्या, शंकरपाळे असतातच. यंदा त्या ताटात ही नानकटाई जाणार. अंडं नसल्यामुळे हाच डबा महाल भागातल्या मावशीकडेही चालतो, याचा मला फार आनंद आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री आली की याच प्रमाणाने पुन्हा करून बघणार आहे. तोवर कोणी वाळवलेल्या सालीची पूड वापरली असेल, तर किती घातली आणि कडवटपणा आला का, ते नक्की सांगा.