आमची वाटचाल : गाडी पंधराव्या वर्षीही रस्त्यावर राहावी म्हणून

"आताच्या महागड्या गाड्या जुन्यांसारख्या टिकत नाहीत, खरं ना?" आमच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा येणारा ग्राहक हे विचारतोच, आणि बहुतेकांना 'हो' ऐकायचं असतं. आम्ही लगेच हो म्हणत नाही. दोन्ही पिढ्यांच्या गाड्या आम्ही खोलून पाहिल्या आहेत, आणि आमच्या कामात आजवर जे मोठे बदल झाले ते याच प्रश्नाच्या मागे लागल्यामुळे झाले.

सुरुवातीला आमचं बहुतेक काम मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ आणि डब्ल्यू१२४ या गाड्यांचं होतं. डब्ल्यू१२३ हे मॉडेल १९७६ साली आलं आणि जवळपास २७ लाख गाड्या तयार झाल्या. तिच्यातलं पाच सिलिंडरचं, तीन लीटरचं डिझेल इंजिन म्हणजे शिकाऊ मुलासाठी शाळाच. एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज उरत नाही. बंद होतं तेही व्हॅक्यूमने (हवा ओढून तयार होणाऱ्या पोकळीने), आणि दरवाज्यांची कुलपंही व्हॅक्यूमवरच चालतात. किल्ली काढल्यावरही इंजिन चालूच राहिलं, तर आमचे मिस्त्री आधी दरवाज्यांकडे जायचे, कारण कुठल्यातरी कुलपाच्या रबरी पडद्याला चीर गेलेली असायची. बिघाडाचं कारण हाताला लागायचं, कानाला ऐकू यायचं. त्या गाड्यांवर आमचं मनापासून प्रेम आहे, आजही आहे.

पण त्या काळच्या कामाचं रजिस्टर आम्ही जपून ठेवलं आहे आणि ते चाळलं की बरंच काही आठवतं. टॅपेट सेटिंग, नॉझल साफ करणं, इंजेक्शन पंपाचं कॅलिब्रेशन, पेट्रोल गाड्यांचे कार्बोरेटर, प्लग, पॉइंट. आणि गंज. चाकाच्या वरची कमान, जॅक लावायची जागा, पुढच्या काचेच्या खालचा पत्रा. चांगल्या इंजिनाच्या कितीतरी गाड्या केवळ पत्रा सडल्यामुळे भंगारात गेल्या. आज रस्त्यावर दिसते ती जुनी आलिशान गाडी म्हणजे तिच्या पिढीतली वाचलेली गाडी. तिच्यासोबतच्या ज्या गेल्या, त्या आता कोणाला दिसत नाहीत, म्हणून त्या पिढीचा हिशेब नेहमी तिच्या बाजूने झुकतो.

पत्र्याच्या बाबतीत नवी गाडी निर्विवाद पुढे आहे. ऑडीने १९८५ मध्ये 'ऑडी १००'ची संपूर्ण बॉडी जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची केली. पुढे गंजाविरुद्धची तजवीज बहुतेक कंपन्यांनी वाढवली आणि आमचं पत्राकाम हळूहळू बंद पडलं. वेल्डिंगची जागा रिकामी झाली तेव्हा तिथे काय करायचं हे ठरवायला फार वेळ लागला नाही. इलेक्ट्रिकल काम तोवर दारात उभं होतं.

१९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात बनलेल्या एका युरोपीय कंपनीच्या सेदान आमच्याकडे ओळीने येऊ लागल्या. इंजिन उत्तम, गीअरबॉक्स उत्तम, पण गाडी मिसफायर करते, मधेच बंद पडते. हार्नेसची (इंजिनाच्या वायरींच्या जुडग्याची) नळी कापून पाहिली तर आतल्या वायरींवरचं वेष्टन बिस्किटासारखं भुगा होऊन पडत होतं. उष्णतेत टिकणार नाही असा माल वापरला गेला होता. ज्या गाड्यांना लोक 'अभेद्य' म्हणतात, त्यांच्याच पिढीतल्या या गाड्या. त्या हार्नेस आम्ही वायर वायर मोजून नव्याने बांधल्या, आणि तिथून आमच्या गॅरेजची खरी ओळख तयार झाली.

याच सुमारास लेक्ससची एलएस ४०० आमच्या रॅम्पवर येऊ लागली. १९८९ मध्ये बाजारात आलेली ही गाडी साधी अजिबात नव्हती. चार लीटरचं व्ही-८ इंजिन, इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा गीअरबॉक्स, काहींमध्ये एअर सस्पेन्शनसुद्धा. तरी ती वर्षानुवर्षं फक्त ऑइल, फिल्टर आणि टायमिंग बेल्टसाठी यायची. या गाडीने आमचा एक समज मोडला. इलेक्ट्रॉनिक्स आलं म्हणून भरवसा गेला, असं आम्हीही मानत होतो. एखादी वस्तू किती जपून घडवली, किती उष्णतेला आणि थरथरीला तपासून मग विकली, यावर सगळं अवलंबून असतं. उलट उदाहरणही उघड आहे. २००५ मध्ये मर्सिडीजने १३ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. प्रश्न अल्टरनेटर, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणेचे होते. तंत्रज्ञान त्याच्या कसोटीआधी ग्राहकापर्यंत पोचलं की असं होतं, आणि ते जगातल्या सर्वांत अनुभवी कंपनीलाही चुकलं नाही.

१९९१च्या एस-क्लासपासून गाडीतले कंट्रोल युनिट (छोटे संगणक) 'कॅन बस' या सामाईक वायरींवर एकमेकांशी बोलू लागले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२ सॉकेट, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडायची ठरावीक जागा, सक्तीचं झालं. आम्ही स्कॅनर घेतला, आणि थोड्याच दिवसांत कळलं की स्कॅनर दुखणं सांगतो, रोग सांगत नाही. एक गाडी आमच्याकडे आली ती दुसरीकडे 'गीअरबॉक्स गेला' असं ऐकून. स्क्रीनवर गीअरबॉक्स, एबीएस, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सगळ्यांचे कोड. आम्ही क्रँक मारताना इंजिन आणि बॉडी यांच्यामधला व्होल्टेज ड्रॉप मोजला. त्या दोघांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून खाल्ली गेली होती. पट्टी बदलली, बॅटरी तपासली, कोड पुसले, आणि ती गाडी त्याच गीअरबॉक्सवर अजून चालते आहे. कुठल्याही मोठ्या खर्चाचा सल्ला देण्याआधी व्होल्टेज मोजायचं, हा त्या दिवसापासून आमच्याकडचा नियम आहे.

उभ्या गाडीची बॅटरी उतरण्याची तक्रार आता सर्वांत जास्त येते. गाडी कुलूप लावून सोडली की आतले सगळे मॉड्यूल, म्हणजे तेच कंट्रोल युनिट, झोपी जायला हवेत. त्याला कधी वीस मिनिटं लागतात, कधी तास. त्यानंतर करंट साधारण ५० मिलिॲम्पियरच्या आत यायला हवा. पूर्वी फ्यूज एकेक काढून पाहायचे. आता फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि मोजमाप बिघडतं. म्हणून आम्ही फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्टचा फरक मोजतो. या कामाला धीर लागतो. आमच्याकडची मुलं तो शिकली, याचा आम्हाला फार अभिमान आहे.

आता इंजिनाकडे येऊ. जुनं तीन लीटरचं डिझेल ८०-८८ अश्वशक्ती द्यायचं, आजचं दोन लीटरचं डिझेल सहज १९० देतं. बोअरचं फिनिशिंग, ऑइलची प्रत, फ्युएलचं मोजमाप, सगळं कितीतरी सरस आहे. पहिली पाच-सात वर्षं नवी गाडी जुनीपेक्षा कमी त्रास देते, हे आम्ही ठामपणे सांगतो. नंतरची गोष्ट वेगळी. टर्बोची उष्णता लहानशा जागेत कोंडलेली असते आणि तिथेच प्लास्टिकचे पाइप, थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग, क्रँककेस व्हेंटचा पातळ पडदा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक वॉल्व्ह धुतले जात नाहीत, आणि त्यांच्यावर कार्बनचे थर बसतात. ते आम्ही अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने साफ करतो.

आणि ऑइल. यावर आम्ही जरा जोरातच बोलतो. इंजिन ऑइल पंचवीस हजार किलोमीटर चालेल असं सर्व्हिस बुकात छापलेलं असतं, त्या हिशेबाने चाललेली टर्बो इंजिनं उघडल्यावर आत काय दिसतं ते आम्ही ग्राहकाला बोलावून दाखवतो. आमचा सल्ला निम्म्या अंतराचा आहे. गीअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' असं गाडी बनवणाऱ्या कंपन्या म्हणतात. गीअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. आम्ही गीअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकतो.

ग्राहक कधी सर्वेक्षणांची कात्रणं घेऊन येतात. जे. डी. पॉवर या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीच्या पाहणीत तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या तक्रारी मोजतात, आणि अलीकडे त्यांत सर्वांत जास्त तक्रारी स्क्रीन आणि फोन-जोडणीच्या असतात. स्क्रीन अडकणं आणि गीअरबॉक्स निकामी होणं, दोन्ही तिथे एकेक तक्रारच. नवी गाडी घेणाऱ्याला ती माहिती उपयोगी आहे. आमच्या दारात येणारा माणूस गाडीचा दुसरा किंवा तिसरा मालक असतो, आणि त्याला हवं असलेलं उत्तर त्या तक्त्यात नसतं.

त्याचा प्रश्न असा असतो की बिघडल्यावर गाडी दुरुस्त होईल का. आमच्या मते जुन्या आणि नव्या गाडीतला खरा फरक इथे आहे. जुन्या हेडलाइटचा बल्ब बदलता यायचा, आता सीलबंद एलईडी दिव्यात पाणी गेलं की पूर्ण दिवा बदला म्हणतात. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या गाडीतून काढलेलं मॉड्यूल स्वीकारलं जात नाही, कारण ते चासिस नंबरशी बांधलेलं असतं. नव्याला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. धातूचा भाग खराद मशीनवर घडवता येतो, बंद कुलपातल्या सॉफ्टवेअरचं तसं नाही. एक चांगली, धडधाकट गाडी मॉड्यूलच्या एका डब्यासाठी उभी राहते तेव्हा आम्हाला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

म्हणून वेल्डिंगच्या त्या रिकाम्या जागेत आम्ही मॉड्यूल दुरुस्तीचं टेबल उभं केलं. मायक्रोस्कोप, हॉट एअर, ऑसिलोस्कोप. फुगलेला कपॅसिटर, तडकलेला सोल्डर, जळलेला ट्रान्झिस्टर बदलून मूळ डबाच परत लावला की कोडिंगचा, म्हणजे नवा डबा गाडीशी जुळवण्याचा, प्रश्नच येत नाही. सगळे डबे वाचत नाहीत. जे वाचत नाहीत त्यांचं आम्ही तसं लिहून देतो.

वापरलेली आलिशान गाडी घेण्याआधीची तपासणी हे आता आमचं आवडतं काम झालं आहे. गाडी आदल्या रात्रीपासून थंड हवी, एवढी एकच अट आम्ही विकणाऱ्याला घालतो. पहिल्या स्टार्टचा चेनचा आवाज, धुराचा रंग, क्रँककेसचा दाब, कॅमेऱ्याने सिलिंडरच्या भिंती, गरम झाल्यावर गीअर बदलण्याची वेळ. ऑइल कधी बदललं त्याचे कागद नसतील तर मॉडेल कितीही नावाजलेलं असो, आम्ही 'घेऊ नका' म्हणतो. कागद पूर्ण असतील तर ज्या इंजिनाबद्दल सगळे घाबरवतात, तेही आम्ही 'घ्या' म्हणतो.

सध्या ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिड (इंजिनाला छोट्या विद्युत मोटरची जोड असलेल्या) गाड्या वॉरंटी संपवून आमच्याकडे यायला लागल्या आहेत. त्यांच्या स्टार्टर-जनरेटरसाठी आणि छोट्या लिथियम बॅटरीसाठी वेगळा बेंच लावला आहे, दोन मुलं हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण घेत आहेत, आणि प्रत्येक खोललेल्या युनिटचे फोटो व मोजमापं आम्ही नोंदवून ठेवतो आहोत.