कुंपणाकडेची जांभळी

कारवी फुलली की ठाणेकरांना येऊर आठवतं. २०१६ साली आठवलं, मग २०२४ साली. सात-आठ वर्षं नुसती पानं घेऊन उभं असलेलं ते झुडूप एका पावसाळ्यात डोंगरउतार जांभळा करून टाकतं, बी धरतं आणि मरून जातं. मधमाश्यांची चंगळ, फोटोवाल्यांचीही. म्हणजे आता २०३२च्या आसपास. तोवर काय करायचं?

मी तोवर खाली बघते. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीला लागून एक रिकामा प्लॉट आहे. टॉवर यायचा तेव्हा येईल, सध्या तिथे सहदेवी आहे. गुडघ्याएवढं किडकिडीत रोप, शेंड्यावर जांभळे चिमुकले गोंडे. तिला फूल म्हणायलाही कुणी तयार नसतं. खरं तर एकेका गोंड्यात वीसेक फुलं दाटीवाटीने बसलेली असतात. कुळ सूर्यफुलाचं, पण तोरा नाही.

श्रावणात ऊन पडायचा अवकाश, नखाएवढी निळसर फुलपाखरं हजर. त्यांच्यातल्या काहींच्या अळ्या शेजारच्या आंबुशीवर वाढतात. बालपण एका तणावर, पुढचं खाणंपिणं दुसऱ्या. मग फुलोरी माश्या. मधमाशीला तांबडा रंग नीट दिसत नाही, निळा-जांभळा मात्र लख्ख दिसतो, शिवाय आपल्याला न दिसणारा अतिनीलही. या गर्दीवर डोळा ठेवून कधी एखादा खेकडा-कोळी पाय फाकवून बसलेला असतो. हा जाळं विणत नाही. माशी जवळ आली की धरायची, एवढाच त्याचा उद्योग. माशीचं वाईट वाटतं, पण नजर हलत नाही.

कुंपणाच्या सावलीत तेरडा. गौरीसाठी जांभळी नाक्यावर पैसे मोजून जुडी आणतो, तोच. याचा मकरंद फुलामागच्या बारीक वाकड्या शेपटीत. सोंड लांब असेल त्याने यावं. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे खरंच. पण दरवर्षी तीन दिवस! कारवीचा हिशेब कुणी करून बघावा.

सहदेवीच्या बियांना पांढरी लव असते, त्या वाऱ्यावर उडतात. त्यामुळे गेल्या पावसाळ्यापासून ती कुंपण ओलांडून आमच्या लॉनच्या कडेलाही उगवली आहे. आणि लॉन म्हटलं की गवत कापायचं मशीन आलंच.

"काका, एवढी हातभर पट्टी गौरी जाईपर्यंत राहू द्या ना," मी माळीकाकांना म्हटलं.

त्यांनी एकदा सहदेवीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"राहू देतो की. पण साप निघाला आणि कमिटीने विचारलं, तर तुमचा फ्लॅट नंबर सांगणार."

"सांगा," म्हटलं. "फुलपाखरं दिसली तरी तोच सांगा."