शून्य टक्क्यांवर अडलेला प्रबंध

"शून्य टक्के आलंय मॅडम, म्हणजे तपासणीच झालेली नाही. घेता येणार नाही."

सप्टेंबर २०२४ मधल्या एका सोमवारी पीएचडी विभागाच्या खिडकीवर माझ्या प्रबंधाच्या नक्कल-तपासणीबद्दल हे ऐकलं आणि पुढचे सात महिने त्यातच गेले. आता व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होऊन पदवीचं पत्रही हातात आलं, पण राग गेलेला नाही, म्हणून लिहितेय. मराठीतून पीएचडी करणाऱ्या कुणाचे तरी हे सात महिने वाचावेत.

विषय थोडक्यात सांगते. अंगणवाडी सेविकांच्या हातात मोबाईल आला आणि त्यांचं काम कसं बदललं, हा माझा अभ्यास. मार्च २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदी भरायचं केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी निकृष्ट मोबाईल शासनाला परत केले, आणि ॲप मराठीत हवं ही त्यांची मोठी मागणी होती. माझी नोंदणी जानेवारी २०२० ची, विषय वेगळाच होता. ते आंदोलन पाहून मी तो बदलून घेतला. एका तालुक्यातल्या ४२ सेविकांच्या मुलाखती घेतल्या. रजिस्टरही भरायचं आणि ॲपही, असं दुहेरी काम. घरी रेंज नाही म्हणून रात्री शाळेच्या कट्ट्यावर बसून नोंदी करायच्या. बाळंतिणीचा आधार क्रमांक, तिच्या नवऱ्याच्या फोनवर येणारा ओटीपी, हे सगळं ज्या मोबाईलमध्ये, तो संध्याकाळी मुलगा गेम खेळायला घेतो. त्या कट्ट्यावरच एका ताईंनी विचारलं होतं, "ही माहिती कुठं जाते, ते आम्हाला कुणी सांगितलंय का?" माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण या एका प्रश्नावर उभं आहे.

प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, सिनॉप्सिस, सहामाही अहवाल, सगळं पार पडलं. डिसेंबर २०२३ मध्ये सेविकांचा राज्यव्यापी संप सुरू झाला तेव्हा क्षेत्रकाम थांबलं, तेही चालून गेलं. अडलं ते साम्यता अहवालापाशी, ज्याला सगळे 'प्लेजरिझम रिपोर्ट' म्हणतात. प्रबंधातला किती टक्के मजकूर इतरत्र आधीच असलेल्या मजकुराशी जुळतो, ते सॉफ्टवेअर त्यात सांगतं.

प्रबंध टाईप केला होता आमच्या कॉलेजसमोरच्या डीटीपीवाल्या काकांनी. तीस वर्षं तेच काम करतात, हात अतिशय स्वच्छ. पण फॉन्ट जुन्या पद्धतीचा; कुठल्याही संगणकाला मराठी म्हणून ओळखता येतं ते युनिकोड नव्हे. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर 'अंगणवाडी' दिसतं, पण संगणकाच्या पोटात तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. तपासणीच्या सॉफ्टवेअरला तो निरर्थक मजकूर जुळवायला जगात काहीच सापडलं नाही, म्हणून शून्य टक्के. मला वाटलं होतं शून्य म्हणजे उत्तम. घरी फोन करून तसं सांगितलंही होतं.

खिडकीवरच्या बाबूंचं म्हणणं बरोबरच होतं, ते मी मान्य करते. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. सिनॉप्सिसपासून अंतिम मसुद्यापर्यंत चार वेळा याच फॉन्टमधला मजकूर विद्यापीठाने माझ्याकडून घेतला. पानाचा आकार, समास, दोन ओळींमधलं अंतर, बाइंडिंगचा रंग, सगळं परिपत्रकात होतं. 'मजकूर युनिकोडमध्येच हवा' ही एक ओळ कुठेही नव्हती.

मग रूपांतर. फुकट मिळणारे कन्व्हर्टर आहेत, एका क्लिकवर काम होतं असं सगळे सांगतात. ३१२ पानं होती. 'कार्य'चं झालं 'कायर्'. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली आणि 'शिक्षण'चं 'शक्षिण' झालं. 'करणाऱ्या'मधला र तर पार तुटला. मध्ये जे इंग्रजी शब्द होते, त्यांची देवनागरीत अशी काही जोडाक्षरं झाली की मूळ शब्द ओळखता येईना. संदर्भसूची अर्धीअधिक इंग्रजी, ती पूर्ण नव्याने टाईप केली. मी तासिका तत्त्वावर शिकवते. दिवसभर तास, रात्री दुरुस्ती. नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत हेच चाललं. या सात महिन्यांत सहायक प्राध्यापक पदाच्या दोन जाहिराती येऊन गेल्या आणि दोन्हीकडे माझ्या अर्जावर 'पीएचडी सादरीकरण बाकी' असं लिहिलेलं होतं.

इथेच सांगून ठेवते, नाहीतर राहून जाईल: पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाईप करा. इन्स्क्रिप्ट हा युनिकोड मराठीचा कीबोर्ड शिकायला मला पंधरा दिवस लागले, आणि ते आधी शिकले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. टायपिंग बाहेरून करून घेणार असाल, तर पहिलं पान मेलवर मागवा आणि मोबाईलवर कॉपी करून बघा. मराठी दिसलं तर ठीक, चिन्हं दिसली तर तिथेच थांबा.

डिसेंबरमध्ये फाईल पुन्हा तपासणीसाठी ग्रंथालयात गेली. या वेळी ३८ टक्के आले.

त्या दिवशी मला घाम फुटला, पण चोरी मी केलेली नव्हती हे मला माहीत होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. माझ्या अर्जावर लाल पेनाने 'स्तर १', म्हणजे १० ते ४० चा गट, असा शेरा मारून तो परत आला. ग्रंथालय म्हणालं, साम्य मोजताना कुठलाही मजकूर वगळायचा तर गाईडच्या पत्राशिवाय वगळता येत नाही. आमचे सर म्हणाले, पत्र देतो, पण काय वगळायचं ते ग्रंथालयाने सांगावं. पीएचडी विभाग म्हणाला, आमच्याकडे फक्त टक्का येतो. जानेवारीत मी या तीन दारांमध्ये अकरा फेऱ्या मारल्या. घरापासून विद्यापीठ एसटीने अडीच तास. आणि या तिघांपैकी एकानेही तो अहवाल उघडून वाचला नव्हता. सगळ्यांनी पहिलं पान पाहिलं होतं, ज्यावर आकडा असतो.

मी पूर्ण अहवाल मागितला. लेखी अर्ज केला, आवक क्रमांक घेतला, तेव्हा आठवड्याने मिळाला. घरी बसून रंगीत ओळी एकेक करून वाचल्या. ३८ पैकी ११ टक्के माझ्याच दोन लेखांशी जुळत होते. माझी नोंदणी आयोगाच्या ज्या २०१६ च्या नियमांखाली झाली, त्यांत प्रबंध देण्याआधी किमान एक शोधनिबंध छापून येणं सक्तीचं होतं. नियमाने छापायला लावलं, आणि छापलं तर तीच नक्कल ठरली! १३ टक्के होते शासन निर्णय, कायद्यातली कलमं आणि योजनांची अधिकृत नावं. 'एकात्मिक बाल विकास सेवा योजना' हे नाव मी दुसऱ्या शब्दांत कसं लिहू? ६ टक्के संदर्भसूची आणि अवतरणं. उरले ८. त्यातही 'प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत' असली वाक्यं होती, जी मराठीतल्या प्रत्येक प्रबंधात असतात.

मग मी ते विनियम मुळातून वाचले, आणि हे आधी का वाचले नाहीत याची हळहळ वाटली. त्यात स्पष्ट लिहिलंय की श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, तसंच कायदे, प्रमाण संज्ञा आणि चिन्हं साम्य मोजताना वगळायची असतात. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही धरायचे नसतात. वाद असेल तर विभागाच्या पातळीवर एक समिती असते, तिने माणसांनी बसून बघायचं असतं. टक्का हा निकाल नसतो. तो फक्त कुठे बघायचं ते दाखवतो.

मी एक तक्ता केला. पान क्रमांक, जुळणारा मजकूर, कुठल्या स्रोताशी जुळला, तो वगळण्यायोग्य का, आणि विनियमातला आधार. एकूण ९४ नोंदी झाल्या. सरांनी प्रत्येक पानावर सही केली. त्या दिवशी त्यांनी दुपारचं जेवणही मागे ठेवलं, हे मी विसरणार नाही. तक्ता घेऊन ग्रंथालयात गेले तेव्हा तिथल्या एका मॅडमनी पहिल्यांदाच शेजारी खुर्ची दिली आणि आम्ही दोघींनी मिळून पडद्यावर एकेक नोंद तपासली. त्यांनीच दाखवलं की मी अवतरणं एकेरी चिन्हात दिली होती, आणि त्यांच्याकडचं सॉफ्टवेअर दुहेरी चिन्हातलंच अवतरण ओळखतं. ती बदलली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अहवाल आला, ८ टक्के. पोचपावती हातात पडली तेव्हा जिन्यातच बसून रडले.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि कोणीच सांगत नाही. तपासणीसाठी फाईल चढवता तेव्हा ती तुमच्या संगणकाबाहेर जाते. पुढे पूर्ण प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहात, सर्वांना खुला होतो. मी मुलाखतींचे पूर्ण उतारे परिशिष्टात जोडले होते, त्यात दोन ठिकाणी गावाचं नाव राहून गेलं होतं. कन्व्हर्टरच्या चुका दुरुस्त करताना ते दिसलं, नाहीतर तसंच गेलं असतं. ज्या सेविकेने पर्यवेक्षिकेविषयी मोकळेपणाने सांगितलं, तिचं मानधन त्याच पर्यवेक्षिकेच्या अहवालावर अवलंबून असतं. गावात अंगणवाड्या दोन, त्यामुळे गावाचं नाव दिलं की माणूस कळतोच. शेवटी मी परिशिष्टात फक्त प्रश्नावली ठेवली, उतारे माझ्याकडे कुलूपबंद ठेवले, आणि तसं संमतीपत्रात आधीच लिहिलं असल्याचं समितीला दाखवलं. फुकटच्या ऑनलाईन तपासणी साईटवर तर प्रबंध कधीच टाकू नका. आम्ही अभ्यास करायचा बायकांच्या माहितीच्या सुरक्षिततेचा आणि त्यांचंच बोलणं कुठल्याही सर्व्हरवर सोडायचं, हे मला सहन झालं नसतं.

व्हायवा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला, चाळीस मिनिटांत. बाह्य परीक्षकांनी विचारलं की जुलैपासून घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ॲपवर जुळवणं सक्तीचं झालंय, त्यावर तुमचं प्रकरण काय सांगतं. मी कट्ट्यावरच्या त्या ताईंचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला.

दिवाळीनंतर प्रबंधाची एक प्रत घेऊन मी त्या ताईंकडे गेले. त्यांनी चौथं प्रकरण उघडलं, बोट ठेवून वाचत 'सेविका क्र. १७'पाशी आल्या. मग मागची पुढची पानं उलटून गावाचं नाव कुठे आहे का ते बघितलं. नाही म्हटल्यावर प्रत रजिस्टरांच्या पिशवीत ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या.