बुलेटच्या काचेसाठी शीट निवडताना

माझ्या बुलेट मोटरसायकलची हँडलवरची वारा अडवणारी काच (विंडशील्ड) नवी करायची ठरली तेव्हा माझी पहिली अट एकच होती : फुटली तरी तिचे तुकडे अंगावर येता कामा नयेत. आधीची काच ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या कडक प्लास्टिकची होती. आंबा घाटात डंपरच्या चाकातून उडालेला खडा लागला आणि धारदार तुकडे टाकीवर, मांडीवर येऊन पडले. हँडलचे क्लॅम्प मात्र धड राहिले होते आणि त्यांना बसेल अशी तयार काच कुठे मिळेना. म्हणून कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारागिराकडे गेलो. नेमप्लेटा आणि मशीनची पारदर्शक गार्डं बनवायचं त्याचं काम.

"ॲक्रिलिकच घ्या की साहेब, काचंगत लख्ख दिसतंय," तो म्हणाला. ते खरंच आहे. ॲक्रिलिकमधून साधारण 92 टक्के प्रकाश आरपार जातो, पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकमधून 88च्या आसपास. ॲक्रिलिक उन्हात वर्षानुवर्षं टिकतं, ओरखडे त्यामानाने कमी पडतात आणि लेझरवर कापलं की कडाही चकचकीत निघतात. पण मी अट सांगितल्यावर त्यानेच दोन्ही शीटच्या पट्ट्या काढून वाइसमध्ये धरल्या. ॲक्रिलिकची पट्टी जरा वाकली आणि ताडकन तुटली. पॉलिकार्बोनेटची काटकोनात दुमडली तरी अखंड. मला तेवढं पुरेसं होतं. "मग लेझर न्हाई चालायचा, कडा करपत्यात. राउटरवर, फिरत्या पात्याच्या मशीनवर कापू," तो म्हणाला.

इथवर निवड सोपी होती. खरा प्रश्न लेपाचा.

साधं पॉलिकार्बोनेट मऊ असतं. माझा रस्ता कोल्हापूर ते साखरपा. पावसात काचेवर लाल चिखल बसतो आणि चालत्या गाडीवर तो ग्लोव्ह्जनेच पुसला जातो. त्या मातीतले कण काचेवर बारीक चरे पाडतात. दिवसा ते दिसतही नाहीत, पण रात्री समोरून ट्रक आला की प्रत्येक चरा उजळतो आणि रस्ता हरवतो. त्यामुळे कडक लेप दिलेली, म्हणजे हार्ड कोट असलेली शीट मला हवीच होती. अडचण अशी की हा लेप सहसा तापवून वाकवता येत नाही, त्याला तडे जातात. बिनलेपाची शीट तापवायची म्हटली तरी पॉलिकार्बोनेट हवेतली ओल शोषून ठेवतं. आधी ते 120 अंशांच्या आसपास काही तास सुकवावं लागतं, नाहीतर आत बुडबुडे येतात. कारागिराकडची भट्टी ॲक्रिलिकपुरतीच होती.

राहिला मार्ग थंड वाकवण्याचा, शीट न तापवता नुसती ताणून क्लॅम्पवर बसवण्याचा. बिनलेपाच्या शीटला वळणाची त्रिज्या जाडीच्या किमान 100 पट हवी, असा ठोकताळा आहे. लेपाच्या शीटला ती जास्त लागते, आणि काही लेप वाकवूच नयेत असं उत्पादक स्पष्ट सांगतात. म्हणून माहितीपत्रक वाचल्याशिवाय लेपाची शीट घेऊ नये. मी घेतलेल्या शीटला 175 पट दिलं होतं. 3 मिलिमीटर जाडीला ही त्रिज्या 52 सेंटिमीटरच्या वर जाते. जुन्या काचेचा बाक याहून बराच खोल होता, तो सोडावा लागला. 45 सेंटिमीटर रुंद काचेला या त्रिज्येने मध्यापासून कडेपर्यंत पावणेपाच सेंटिमीटरांचा बाक मिळतो. 4 मिलिमीटरची शीट जास्त ताठ असते, पण तिला त्रिज्या 70 सेंटिमीटर लागली असती, काच आणखी सपाट झाली असती आणि हँडलवर वजनही वाढलं असतं. त्यामुळे 3 मिलिमीटरच घेतली. बाक आला की पातळ शीटलाही ताठपणा येतो.

उंची ठरवायला खोक्याचा पुठ्ठा कापून क्लॅम्पवर टेपने चिकटवला, हेल्मेट घालून बसलो आणि नजर वरच्या कडेवरून सहज पलीकडे जाईपर्यंत पुठ्ठा कापत गेलो. पावसात रात्री काचेतून बघायची वेळ येऊच नये, असं माझं ठाम मत आहे. हेडलाइटची खाच मात्र जपून कापून घ्यावी. आतले कोपरे टोकदार ठेवले की ताण तिथेच एकवटतो आणि पुढे तिथूनच तडा निघतो. आम्ही ते गोल ठेवले, कडा पाणी लावून वॉटरपेपरने गुळगुळीत केल्या.

वाकवलेली शीट सतत ताणाखाली असते आणि पॉलिकार्बोनेटला काही रसायनं अशाच ताणात चिरतात. पेट्रोल, ब्रेक ऑइल, थिनर, बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते लॉकिंग लिक्विड, ही त्यातली नेहमीची. मऊ पीव्हीसीच्या वॉशरमधून सुटणारा तेलकट अंशही वाईट. मी रबराची ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणाऱ्या कड्या वापरल्या आणि 5 मिलिमीटरच्या बोल्टला 8 मिलिमीटरची भोकं पाडली. उन्हात काच प्रसरण पावते. 30 अंशांच्या फरकाने 45 सेंटिमीटर रुंदी जवळजवळ 1 मिलिमीटर वाढते, तिला सरकायला जागा हवी. बोल्ट हाताला घट्ट लागेल इतकेच आवळले. लेपावरची संरक्षक फिल्म शेवटी काढली. काही शीटना अतिनील किरणांपासूनचं संरक्षण एकाच बाजूला असतं. ती बाजू फिल्मवर छापलेली असते आणि तीच बाहेर यायला हवी.

पोलराइज्ड गॉगल घालून बघितलं की वाकवलेल्या काचेत ताणाचे रंगीत पट्टे दिसतात. घाटाच्या वळणांवर ते नजरेला त्रास देतात, म्हणून मी साधा गॉगल घेतला. काच फक्त पाणी आणि सौम्य साबणाने धुतो. गाडी सर्व्हिसिंगला गेली की ती काढून घरीच ठेवतो, कारण गॅरेजमधलं पेट्रोलचं फडकं तिच्यावरून फिरलेलं मला चालणार नाही.