गाडी घरी असली की सोलर चालतं

"गाडी घरी उभी असली की सोलर नीट चालतं, गाडी बाहेर गेली की बंद पडतं." काकांनी फोनवर एवढं सांगितलं आणि स्वतःच हसले. आधी आलेल्या दोघा-तिघा वायरमननी ही गोष्ट कानाआड केली होती. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारी पेटी, एकदा बदलून झाला होता आणि नवाही तसाच वागत होता.

मला मात्र ही तक्रार फार आवडली. वायरिंगच्या धंद्यात लोक बहुतेक वेळा "अधूनमधून जातं" एवढंच सांगतात. इथे माणसाने अधूनमधून म्हणजे नेमकं कधी ते शोधून ठेवलं होतं. त्यांची मुलगी इलेक्ट्रिक गाडी घेऊन कामावर जाते. ज्या दिवशी ती जाते त्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो, सुट्टीच्या दिवशी गाडी चार्जिंगला असते आणि तो तक्रार करत नाही. शिवाय रात्री चार्जिंग सुरू झालं की गॅरेजमधला दिवा जरा मंदावतो, हेही त्यांनी जाता जाता सांगून टाकलं.

गेलो तर मांडणी अशी. घराच्या छपरावर झाडाची सावली, म्हणून पॅनेल गॅरेजच्या छपरावर. ४३० वॅटची चौदा पॅनेल, ६ किलोवॅटचा इन्व्हर्टर गॅरेजच्या भिंतीवर, त्याच्या शेजारी ३२ अँपियरचा चार्जर. दोन्ही गॅरेजमधल्या छोट्या बोर्डवर जोडलेले, आणि तिथून मेन बोर्डपर्यंत एकच ६ स्क्वेअरची (म्हणजे ६ चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची केबल. ती घराला वळसा घालून, पश्चिमेच्या भिंतीवरून पाइपमधून आलेली. टेप लावून मोजली तर ४५ मीटर भरली.

मोजण्याआधी कागदावर हिशेब केला. ही माझी सवय आहे, आणि माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलांना तिचा कंटाळा येतो. ६ स्क्वेअर तांब्याचा रोध २० अंशांना किलोमीटरला ३.०८ ओहम. जाण्या-येण्याची मिळून ९० मीटर तार, म्हणजे ०.२८ ओहम. पण पाइप दुपारभर उन्हात तापतो, आतून करंटही वाहत असतो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणून ०.३२ धरला. इन्व्हर्टर पूर्ण जोरात असताना २४ अँपियर सोडतो. २४ गुणिले ०.३२, म्हणजे साडेसात व्होल्टच्या वर.

पाणी उताराकडेच वाहतं, तसं इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची असेल तर त्याच्या टोकाचं व्होल्टेज घराच्या विजेच्या मीटरपाशी असलेल्या व्होल्टेजपेक्षा वर असावं लागतं. किती वर, ते मधली केबल ठरवते.

सहायक मेन बोर्डपाशी, मी गॅरेजमध्ये, दोघांच्या हातात मीटर आणि कानाला फोन. ऊन चढत गेलं. "सर, २४५.८." माझ्याकडे २५२. जरा वेळाने तिकडे तेवढंच, माझ्याकडे २५३ च्या पुढे, आणि इन्व्हर्टरने खटकन रिले, म्हणजे आतला स्विच, सोडला. त्याच क्षणी माझं मीटर २४६ वर आलं. काका शेजारी उभे होते, त्यांनी नुसतं आकड्याकडे बोट दाखवलं. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर बऱ्याच इन्व्हर्टरना वरची मर्यादा दहा टक्क्यांची असते, म्हणजे २५३. थोडा वेळ थांबून तो पुन्हा सुरू होणार, पुन्हा चढणार, पुन्हा पडणार. दुपारभर हेच.

नशिबाने त्या दिवशी गाडी घरी होती. काकांना म्हटलं, आता चार्जिंगला लावा. चार्जरने ३२ अँपियर मागितले, इन्व्हर्टरचे २४ तिथल्या तिथे गाडीत गेले, उरलेले आठेक अँपियर घराकडून आले. केबलमधल्या करंटची दिशाच उलटली आणि माझं मीटर २४३ च्या आसपास स्थिरावलं. इन्व्हर्टर शांत. सहायक फोनवर विचारत राहिला, "काय केलंत? काय बदललंत?"

फरक साडेसात व्होल्टच्या आसपास मिळाला, हिशेबाशी जुळला. हे जुळणं महत्त्वाचं असतं. मोजलेला फरक हिशेबापेक्षा बराच जास्त निघाला असता तर मी आधी न्यूट्रलचे स्क्रू आणि लग (तारेच्या टोकाच्या टोप्या) तपासत बसलो असतो, कारण सैल जोडणीही हेच नाटक करते आणि वर आग लावते. तरी थर्मल कॅमेरा फिरवून घेतला. कुठेही एखादाच बिंदू तापलेला नव्हता, सगळी केबल सारखी कोमट होती. रात्रीचा मंद दिवाही त्यातच आला. ३२ अँपियरला त्याच केबलमध्ये दहा व्होल्ट पडतात आणि तीनशेहून अधिक वॅट नुसते पाइप गरम करण्यात जातात.

आधीच्या वायरमनला नावं ठेवणं सोपं होतं. पण त्याने तक्ता पाहूनच केबल घेतली होती. पाइपमधली ६ स्क्वेअरची केबल ३२ अँपियर झेपवते, उष्णतेची कपात धरूनही जेमतेम बसते. चार्जरपुरता पाहिला तर व्होल्टेज ड्रॉपही साडेचार टक्क्यांच्या आत, म्हणजे लोडसाठी, वीज घेणाऱ्या उपकरणासाठी, चालून जाईल असा. पण करंट झेपवण्याच्या तक्त्यात लांबीचा रकाना नसतो, आणि लोडला चालणारा फरक सोलरला चालत नाही. इन्व्हर्टरपासून मेन बोर्डपर्यंतची वाढ एक-दोन टक्क्यांत ठेवावी लागते, कारण वरची बरीचशी जागा ग्रिडने, म्हणजे बाहेरून येणाऱ्या पुरवठ्याने, आधीच खाल्लेली असते.

"मग ती २५३ ची मर्यादाच वाढवून द्या ना," काका म्हणाले. हा प्रश्न दर वेळी येतो. ती सेटिंग ग्रिडच्या नियमांची आहे, तिला हात लावायचा नाही. आणि ती वाढवली तरी गॅरेजच्या बोर्डवरची बाकीची उपकरणं त्या जादा व्होल्टेजवरच चालत राहतील.

दुसरा मार्ग होता इन्व्हर्टर मेन बोर्डपाशी आणून गॅरेजवरून डीसी केबल नेण्याचा. कागदावर तो छान दिसतो. साडेचारशे व्होल्टला करंट १३ अँपियरच, ६ स्क्वेअरच्या सोलर केबलमध्ये टक्काभर घट, आणि घट झाली तरी काही ट्रिप होत नाही. पण ऊन आहे तोवर ती केबल बंद करता येत नाही, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. राहत्या घराच्या भिंतीवरून एवढी लांब डीसी नेणं मला पटत नाही. नियमात बसवून नेता येते, नेणारे नेतातही. शिवाय रात्रीचा चार्जरचा प्रश्न तसाच राहिला असता.

म्हणून खणायचं ठरलं. जुना पाइप २५ मिलिमीटरचा, वळणांनी भरलेला, त्यात जाडी केबल जाणं शक्यच नव्हतं. अंगणातून सरळ रेषेत गेलो असतो तर ३२ मीटर, पण मध्ये झाडाची मुळं. झाडाला लांबून वळसा घालून ३८ मीटर झाले. काकूंना अंगण उकरणं अजिबात मान्य नव्हतं. खुंट्या ठोकून, दोरी ताणून चराची रेषा प्रत्यक्ष दाखवली, तेव्हा फुलांचे वाफे वाचतात हे बघून त्या तयार झाल्या.

केबल १० स्क्वेअरची की १६ ची, यावर काकांशी बोलण्यात बराच वेळ गेला. १० मध्ये वाढ चार व्होल्टच्या आत येत होती, म्हणजे इन्व्हर्टर २५० वर. आज चाललं असतं. पण शेजारच्या छपरांवर पॅनेल वाढली की दुपारी मीटरचं व्होल्टेज आणखी चढणार, आणि चर पुन्हा कोणी खणू देणार नाही. १६ घेतली. काम झाल्यावर इन्व्हर्टर पूर्ण जोरात, गाडी बाहेर, दोन टोकांतला फरक सव्वादोन व्होल्ट.

गॅरेजचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, एसी टाइपचा होता, तोही बदलला. गाडीकडून डीसी गळती आली तर हा टाइप आंधळा होतो. चार्जरला आता मेन बोर्डवरच्या सीटीकडून, म्हणजे करंट मोजणाऱ्या कड्याकडून, उरलेल्या सोलरचा आकडा कळतो. त्याची डेटा केबल पॉवर केबलशेजारी न ठेवता वेगळ्या पाइपमधून नेली. उरलेल्या विजेवरच गाडी चार्ज करायची तर निदान सहा अँपियर, म्हणजे १.४ किलोवॅटच्या आसपास शिल्लक लागते. त्याखाली चार्जिंग थांबतं, हे काकांना आधीच सांगून ठेवलं, नाहीतर ढगाळ दिवशी नवी तक्रार आली असती.

चरात तिसरा पाइप रिकामा टाकला, आत नायलॉनची दोरी, दोन्ही टोकं बुचं लावून बंद. मुलगा दुसरी गाडी घेईल म्हणून तो पाइप आहे असं काका म्हणतात, काकू म्हणतात आधी लायसन्स काढू दे. वर इशाऱ्याची पट्टी पसरून चर बुजवला, आणि भिंतीपासून किती अंतरावर, किती खोल, कुठे वळण, याचा नकाशा मेन बोर्डच्या दाराला आतून चिकटवला.